हात आणि आकडे

मंगळवारी सकाळी साडेनऊला दादा दुकानात काम करताना खाली बसले. शेजारच्या गॅरेजवाल्याने त्यांना रिक्षात घातलं. अकराला वहिनींचा फोन आला. "ताई, हे गेले," त्या म्हणाल्या. त्या रविवारी आम्ही दुर्बिणीचा आरसा पुन्हा घासायला ड्रमवर ठेवणार होतो.

दादा माझे नात्याने कोणी नव्हते. ते मला ताई म्हणत, मी त्यांना दादा म्हणे, आणि दोघांत मोठं कोण हे आम्ही कधी तपासलं नाही. खडकवासल्याच्या रस्त्यावर, पूर्वी गाव होतं आणि आता महानगरपालिकेत आलेलं आहे अशा एका वस्तीत, त्यांचं पाण्याच्या मोटारींच्या वाइंडिंगचं दुकान होतं. मी नारायण पेठेत राहते आणि एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले आहे. आमची गाठ आकाशदर्शनाच्या क्लबात पडली.

क्लब म्हणजे महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी एका शाळेच्या वर्गात जमणारी पंधरा-वीस माणसं. त्यातल्या काहींना आकाश बघण्यात रस असतो आणि काहींना दुर्बीण बनवण्यात. बनवणाऱ्यांत सगळ्यात जुने सभासद म्हणजे एका प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना सगळे काका म्हणतात. एका रविवारी काका फळ्यावर आकृती काढून दुर्बिणीचा आरसा हाताने कसा घासायचा ते सांगत होते, तेव्हा दारात एक माणूस येऊन उभा राहिला. हाताला ग्रीस होतं. शाळेची पाण्याची मोटार बंद पडली होती, ती बघायला तो आला होता. पाच मिनिटं ऐकून त्याने विचारलं, "कार्बोरंडम कितव्या नंबरचं वापरता?"

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण कोण?"

"मोटारवाला. तुमची टाकी भरतीय बघा. पण नंबर सांगा की."

काकांनी नंबर सांगितला. दादा बाकावर बसले आणि पुढची दोन वर्षं एकही मीटिंग त्यांनी चुकवली नाही.

आरसा घासणं हे काम ऐकायला सोपं आहे. काचेच्या दोन जाड चकत्या घ्यायच्या. एक उभ्या लोखंडी ड्रमवर पक्की बसवायची, मध्ये कार्बोरंडमची खरखरीत पूड आणि पाणी घालायचं, आणि दुसरी तिच्यावर धरून मागे-पुढे न्यायची. अशी एक ये-जा म्हणजे एक हात. काही हात झाले की ड्रमभोवती एक पाऊल सरकायचं. असं महिनोन् महिने. वरच्या काचेला हळूहळू खोलगटपणा येतो. मग पूड बारीक करत जायची, शेवटी राळेच्या थरावर पॉलिश करायचं. आमच्या क्लबात एक पद्धत आहे. प्रत्येक आरशाला दोन माणसं असतात. एकाचा हात, दुसऱ्याचे आकडे. जो घासतो त्याने मोजायचं नाही, कारण घासणाऱ्याला आपला आरसा नेहमी झाला आहे असंच वाटतं. आरसा पूर्ण झाला की त्याच्या पाठीवर हिऱ्याच्या टोकाने दोन ओळी कोरतात. हात, आणि पुढे नाव. आकडे, आणि पुढे नाव.

क्लबात आकडे घेण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. मला एका जागी बसता येतं, आणि आकडा आवडला नाही तरी मी तो तसाच लिहिते, एवढीच माझी पात्रता. दादांच्या आरशाचे आकडे माझ्याकडे आले.

ते घरालगतच्या आपल्या दुकानाच्या शेडमध्ये घासत. मोजायला मात्र आरसा माझ्याकडे आणावा लागे, कारण त्यांच्या रस्त्यावरून डंपर गेला की शेडमधलं सगळं थरथरे. माझी मागची खोली लांब, अरुंद आणि शांत आहे. रविवारी सकाळी घासून झालं की अकराच्या सुमाराला ते स्कूटरवरून येत. आठ इंची काच त्यांनी वहिनींच्या पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात बसवलेली असे, खाली-वर टॉवेल. तो डबा वहिनींनी उसना दिला होता, असं दादांचं ठाम म्हणणं होतं.

आल्याआल्या मोजता येत नाही. हाताच्या उबेने काच फुगलेली असते, ती निवायला दीड-दोन तास लागतात. तेवढा वेळ बसून राहणं हा कामाचाच भाग आहे. दादांशी माझी जी काही मैत्री झाली ती या दोन तासांत झाली. चहा व्हायचा. ते पुस्तकांच्या कपाटांसमोर हात मागे बांधून उभे राहायचे.

"ताई, ही सगळी वाचून झाली?"

"झाली असती तर ठेवली असती का?"

"मग आमच्या दुकानासारखंच हाय. जी मोटार दुरुस्त झाली ती गिऱ्हाईक घिऊन जातंय. पडून हाय ती राहिलेली."

कधी ते पुस्तक काढून चार पानं वाचत आणि जिथून काढलं तिथेच परत ठेवत. बत्तीस वर्षांच्या नोकरीत असे वाचक मला फार थोडे भेटले. मुलीच्या शिक्षणाचं, भावाने विकलेल्या शेताचं, माझ्या मोतीबिंदूचं बोलणं व्हायचं. मग ते आरशाच्या पाठीला बोट लावून बघत. "अजून गरम हाय," म्हणत, आणि पुन्हा बसत. काच निवलेली असतानाही ते कधीकधी असं म्हणत, हे मला ठाऊक होतं. मी चहाचं आधण पुन्हा ठेवत असे.

मोजायची रीत अशी. खोलीत अंधार करायचा. एका टोकाला आरसा उभा, दुसऱ्या टोकाला लाकडी स्टँड. स्टँडवर सुईने पाडलेल्या भोकामागे दिवा आणि शेजारी ब्लेड. ब्लेड पुढे-मागे सरकवायचं आणि आरशाचा मध्य कुठे झाकोळतो, कड कुठे झाकोळते, ते खालच्या पट्टीवर वाचायचं. पट्टी साधी, स्टीलची. तिचं शून्य आरशाच्या बाजूला. शेवटच्या टप्प्यात कडेचा आकडा मध्यापेक्षा थोडासा मोठा यावा लागतो. तो येईपर्यंत लांब हात मारायचे, म्हणजे वरची काच खालच्या कडेबाहेर जास्त न्यायची, आणि आला की थांबायचं.

आम्ही त्या शेवटच्या टप्प्यावर होतो. त्याच आठवड्यात स्टँडवरची पट्टी सुटली. मी ती चिकटवली. फाटक्या पुस्तकांचे कणे मी आयुष्यभर चिकटवले आहेत. सरस लावला, वर वजन ठेवलं, रात्रभर वाळू दिलं. उत्तम बसली.

रविवारी दादा आले. काच निवली. मी आकडे घेतले. कडेचा आकडा मध्यापेक्षा लहान.

"अजून कमी आहे," मी म्हणाले. "आणखी लांब हात हवेत."

पुढच्या रविवारी तो आणखी लहान आला. मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या रविवारी त्याहून लहान. दादा उठून आरशाजवळ गेले.

"ताई, हाताला येगळं लागतंय. कडेला काच पकडत न्हाई. जितकं मारतोय तितकं लांब चाललोय आपण."

आणि मी म्हणाले, "दादा, हाताला लागतं ते हातापुरतं. आकडे काय म्हणतात ते बघा."

ते वाक्य मी चांगल्या, शांत आवाजात म्हटलं होतं. दादांनी मान हलवली आणि डबा घेऊन गेले. चौथ्या आठवड्यात त्यांनी माझ्या सांगण्यावरून आणखी लांब हात मारले.

त्यानंतरचा रविवार मीटिंगचा होता. काकांनी शाळेच्या प्रयोगशाळेत पडदे ओढले, स्वतःचा स्टँड लावला आणि आरसा तपासला. पाच मिनिटांत ते उठले.

"कड पडली आहे. आरसा कसला, बशी झाली आहे ही. हात कोणाचा? आकडे ताईंचे आहेत, म्हणजे तो प्रश्नच नाही."

दादा काकांच्या स्टँडवर वाकून बघत होते. ते सरळ झाले. "हात माझा. लांब गेला."

"लांब गेला? अहो, ही पंपाची मोटार नव्हे, जळली की तार काढून पुन्हा भरायला."

लोक हसले. दादाही हसले. मी हसले नाही, पण बोललेही नाही. तेव्हा मला खात्रीने काही माहीत नव्हतं. तरी काहीतरी खटकलं होतं, आणि ते तिथेच बोलून दाखवता आलं असतं.

घरी आले, पिशवीही खाली न ठेवता मागच्या खोलीत गेले आणि स्टँड पाहिला. पट्टीचं शून्य माझ्या बाजूला होतं. मी ती उलटी चिकटवली होती. कडेचा आकडा लहान येत नव्हताच. तो पहिल्याच रविवारी पुरेसा मोठा झाला होता आणि आरसा तेव्हाच पूर्ण झाला होता. त्यापुढचे सगळे हात मी मारायला लावले.

मी फोन केला. "दादा, पट्टी उलटी आहे."

"हाय. काकांचा स्टँड बघितला तवाच कळलं. त्यांचं शून्य तिकडं, आपलं हिकडं."

"मग हात लांब गेला असं का म्हणालात?"

"गेलाच की लांब. खोटं कुठं बोललो?"

"दादा."

"ऐका ताई. तुमच्या आकड्यांवर क्लबात आणखी तीन आरसे चाललेत. आज तिथं बोललो असतो तर तिघांनी काचा खाली ठिवल्या असत्या."

"ते आकडे पट्टी सुटायच्या आधीचे आहेत. बरोबर आहेत."

"ते तुम्हाला म्हाईत, मला म्हाईत. त्यांना समजावत बसायचं कुणी? माझ्या हाताचं काय, आरसा नीट करून ठिवला की झालं. मग सांगू हसत हसत."

मी म्हटलं, पुढच्या मीटिंगला मीच सांगते. ते म्हणाले, सांगा, पण आधी कड भरून काढू. येत्या रविवारी त्यांच्या गावची जत्रा होती, म्हणून त्याच्या पुढचा रविवार ठरला. मधल्या मंगळवारी ते गेले.

पुढच्या मीटिंगपर्यंत तीन आठवडे होते. चूक कोणाची हे आता एकट्या मला माहीत होतं. वहिनींनाही ठाऊक नव्हतं. त्यांना दादांनी फक्त "काच जरा बिघडली" एवढं सांगितलं होतं. मी गप्प राहिले असते तर दादा क्लबात हात लांब गेलेला मोटारवाला म्हणून राहिले असते, आणि माझ्या आकड्यांना कोणी बोट लावलं नसतं. काकांना फोनवर सांगता आलं असतं. पण दादांना लोक हसले होते ते वर्गात, सगळ्यांसमोर. सांगायचं ते तिथेच सांगायला हवं होतं. मी स्टँड पिशवीत घातला आणि पट्टी जशी होती तशी राहू दिली.

मीटिंगमध्ये दोन मिनिटं सगळे उभे राहिले. काका दादांबद्दल चांगलं बोलले, मनापासून बोलले. शेवटी म्हणाले, "त्यांचा तो आरसा वहिनींकडून आणू या. मी पहिल्यापासून पुन्हा घासून देतो. माणूस गुणी होता, हात थोडा जड होता इतकंच. आपण त्यांचं नाव घालू पाठीवर."

मी उठले. मला सभेत बोलायची सवय नाही, म्हणून कागदावर लिहून नेलं होतं. तो कागद काढायचा राहूनच गेला. स्टँड टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "याचं शून्य कुठे आहे ते बघा."

काका वाकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे कोणी चिकटवलं?"

"मी."

"ग्रंथपाल होतात ना तुम्ही?"

"होते. पुस्तकं कधी उलटी चिकटवली नाहीत."

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मी बाकीचं सांगितलं. पहिल्या रविवारी आरसा झाला होता. पुढचे हात माझ्या आकड्यांवर मारलेले होते. दादांना हाताला वेगळं लागत होतं, त्यांनी तसं सांगितलं, आणि मी त्यांना काय उत्तर दिलं तेही सांगितलं. इथे पट्टी बघून त्यांना कारण कळलं होतं, तरी त्यांनी दोष स्वतःवर घेतला, हे सांगितलं. इतर तिघांचे आकडे पट्टी सुटण्याआधीचे आहेत. शंका असेल तर पुन्हा घेऊन देईन.

काकांनी पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे हात बरोबर होता."

"पहिल्यापासून."

"मी त्या दिवशी मोटारीवरून बोललो." त्यांनी स्टँड माझ्याकडे सरकवला. "ते नको होतं बोलायला." आणि नंतर नेहमीच्या आवाजात, "आरसा तरी दुरुस्त करायलाच हवा. कोण करणार?"

"मी."

"तुम्ही कधी काचेला हात लावला आहे?"

"नाही."

"मग?"

"आकडे तुम्ही घ्या," मी म्हणाले. "मला आकडे घेणाऱ्यांवर विश्वास ठेवायची सवय लागेल."

काका पहिल्यांदा हसले. पुन्हा पहिल्यापासून घासलं तर दादांचं वर्षभराचं काम पुसलं जाणार होतं. काकांनी मान्य केलं की राळेवरच, आखूड हातांनी, कडेच्या बाजूने बरंचसं सावरता येईल. वेळ लागेल.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी स्वारगेटहून खडकवासल्याची बस धरली. शेडमध्ये ड्रम होता तसाच होता. भिंतीला जळक्या मोटारी रांगेने लावलेल्या, प्रत्येकीला दोऱ्याने गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी. वहिनींना मी आधी सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला म्हणले होते, बिघडली. कुणी बिघडवली ते न्हाई म्हणले." आणि पोळ्यांचा डबा माझ्यापुढे ठेवला.

मी काच उचलून राळेवर ठेवली आणि ढकलली. ती जागची हलली नाही. दुसऱ्यांदा ढकलल्यावर ती भलतीकडेच गेली. वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या होत्या.

"ते असं नव्हते धरत," त्या म्हणाल्या.

"मग कसं?"

त्या बाहेर आल्या. पदराला हात पुसले आणि माझे अंगठे धरून काचेच्या पाठीवर आत घेतले. "आंगठा आत. कोपर अंगाला. आन् ढकलायचं न्हाई, नुसतं सोडायचं." एक वर्षभर त्या भाकरी करता करता खिडकीतून बघत होत्या. दादांचा हात कसा चालतो हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. आकडे लिहिणाऱ्या मला तर नव्हतंच.

तिसऱ्या रविवारपासून मला दादांचं म्हणणं समजू लागलं. काच जिथे राळेला लागते तिथे एक बारीक ओढ जाणवते आणि जिथे लागत नाही तिथे ती ओढ सुटते. हाताला येगळं लागतंय म्हणजे ते. हे आकड्याच्या आधी कळतं, आणि कळलं की शंका उरत नाही. ते एवढ्या खात्रीने का बोलले होते, आणि खात्री असूनही माझ्या सांगण्यावरून चौथा आठवडा का घासत राहिले, हे दोन्ही मला त्या ड्रमभोवती फिरताना कळलं. आरशापेक्षा त्यांनी माझा शब्द राखला. एरवी मी हे लिहायला कचरले असते, पण आता मला ते नक्की माहीत आहे.

घासून झालं की डबा मांडीवर घेऊन मी बसने परत यायचे. काका शेजारून किल्ली घेऊन माझ्या मागच्या खोलीत वाट बघत बसलेले असायचे. मांडीच्या उबेने काच आणखीच गरम झालेली. आम्ही दोन तास बसायचो. काका बोलके नाहीत. एकदा त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं, चाळलं आणि भलत्याच जागी ठेवलं. ते गेल्यावर मी ते जागेवर ठेवलं.

सात रविवार लागले. सातव्या रविवारी काकांनी तीनदा आकडे घेतले, एकदा मलाही घ्यायला लावले. आरसा ठीक होता. फक्त अगदी कडेला, नखाएवढ्या रुंदीची एक किनार पडलेलीच राहिली होती.

"आणखी महिनाभर लावलात तर तीही जाईल," काका म्हणाले.

"किंवा महिनाभरात मधलंही बिघडेल."

"तेही होऊ शकतं."

मी थांबले. काळ्या कागदाची एक कडी कापली, ती आरशावर बसते आणि किनार झाकते. तेवढा प्रकाश कमी येतो. पाठीवर कोरायची वेळ आली तेव्हा काकांनी विचारलं, हातापुढे दोन नावं घालायची का. मी नको म्हटलं. हात, पुढे दादांचं नाव. आकडे, पुढे माझं आणि काकांचं.

कारखान्यातून अ‍ॅल्युमिनियमची चकाकी चढवून आरसा परत आला, दुर्बिणीत बसला, आणि पहिल्यांदा आम्ही ती दादांच्याच गच्चीवर लावली. संध्याकाळचे सात वाजले होते, पश्चिमेला चौथीची कोर होती. समोरच्या दोन नव्या इमारतींच्या मधून ती जेमतेम सापडली. वहिनींनी डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"एवढ्यासाठी घासत होते होय?"

"हो."

त्यांनी पुन्हा डोळा लावला. "मग बरोबर हाय," त्या म्हणाल्या.

दुर्बीण आता क्लबाची आहे आणि शाळेच्या प्रयोगशाळेत कपाटाशेजारी उभी असते. डबा वहिनींकडे परत गेला, त्यात पुन्हा पोळ्या असतात. माझ्याकडे स्टँड आहे. त्याची पट्टी मी दोन स्क्रूंनी बसवली आहे, आणि शून्य आरशाच्या बाजूला आहे.